एलादिओची नखं

१६ ऑक्टोबर

एलादिओ आज मागच्या दाराने आला. "पाण्याची टाकी बघायला आलोय," असं पुढे माझ्या पार्लरमध्ये केसांना रोलर लावून बसलेल्या दोन्या चेआला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. टाकीला काही धाड भरलेली नाही. मागच्या खोलीत शॅम्पूच्या खोक्यावर बसला, दार लोटलं आणि उजवा हात माझ्यापुढे धरला.

"ताई, ही दोन नखं. पहिल्या बोटाचं आणि मधल्याचं. गोल नको, सरळ काप. आणि टणक राहिली पाहिजेत."

मी हसते का, याकडे त्याचं लक्ष होतं. मी हसले नाही. या माझ्या धाकट्या भावाला सोळाव्या वर्षी बेसबॉल खेळायला अमेरिकावाल्यांनी उचलून नेलं. तेव्हा याचा चेंडू दिसायचाच नाही, नुसता बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणाऱ्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये फटाका वाजायचा. तिकडच्या मोठ्या मैदानांवर चाळीस-चाळीस हजार माणसं याच्यासाठी उभी राहिलेली मी टीव्हीवर बघितली आहेत. मग कोपर गेलं. ते कापून शिवलं तर खांदा गेला. आता सदतिशी गाठली आहे, वेग गेलाय, म्हणून नखांनी धरून टाकायचा तो हळू चेंडू शिकून आलाय. हा चेंडू स्वतःभोवती फिरत नाही, म्हणून हवेत वाटेल तसा भरकटतो. कुठे जाईल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. माझ्या पार्लरमधल्या बायका त्याला झिंगलेला चेंडू म्हणतात.

आमच्या टीमच्या मॅनेजरने, प्लिनिओने, त्याला नाताळपर्यंत ठेवलंय. तोवर जमलं तर पुढच्या वर्षीही, नाहीतर ग्लव्ह खुंटीला. दुसरी कुठली टीम घेणार नाही, हे एलादिओने स्वतःच सांगितलं. सांगताना माझ्याकडे न बघता नखांकडेच बघत होता.

मी दोन्ही नखं अशी घासून दिली की फुटपट्टी लावून बघावीत. सान पेद्रोत नखं करावीत तर नेरेइदानेच. हे मी म्हणत नाही, गावच म्हणतं.

१९ ऑक्टोबर

टीमच्या तरण्या कॅचरने झिंगलेला चेंडू पकडायला साफ नकार दिला. "मला अजून लग्न करायचंय, थोबाड शाबूत हवं," म्हणाला. मग निकानोर पुढे झाला. निकानोर चाळिशीचा, टीममध्ये वर्षानुवर्षं राखीव कॅचर. बायको न्यूयॉर्कला गेली ती तिकडचीच झाली. माझा नवरा पोर्तो रिकोला गेला तसाच. गावात अशांची कमी नाही.

तो आज पार्लरमध्ये आला, पण पुढच्या दाराने, टोपी हातात घेऊन, आणि मला मानाने दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणाला.

"दोन्या नेरेइदा, नखं रंगवून द्याल का? पिवळी. कुठला चेंडू टाकायचा ते मी बोटांनी खुणावतो, दिव्यांच्या उजेडात टाकणाऱ्या पिचरला त्या खुणा दिसायला हव्यात."

कॅचरलोक रंगवतात, त्यात नवल नाही. बहुतेक जण बहिणीची बाटली घेऊन घरीच बरबटतात. हा मात्र रीतसर नंबर लावून बसला, दोन्या चेआशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. बोटं बघितली तर आल्याचे गड्डे, प्रत्येक कधी ना कधी मोडलेलं. पण हात धरला की दगडासारखा स्थिर. मी एलादिओला फोनवर म्हटलं, "बघ, याला पुरुष म्हणतात. पुढच्या दाराने येतो."

"त्याला जमतं," एलादिओ म्हणाला. "मी पोस्टरवर होतो ना, ताई."

६ नोव्हेंबर

परवा शनिवारी पहिला सामना झाला. मी रेडिओवर ऐकला, कारण शनिवारी पार्लर सोडून जाणं म्हणजे गिऱ्हाईक तोडणं. बायका ड्रायरखाली होत्या, ड्रायर बंद करा म्हणाल्या, ओल्या केसांनी ऐकू. नऊ इनिंगच्या सामन्यातल्या चार एलादिओने टाकल्या, राजधानीच्या टीमची एकच धाव. समालोचक म्हणत होता की बॅटर माशा मारल्यासारखे बॅट फिरवताहेत. मी सगळ्यांना कॉफी पाजली.

निकानोरच्या हातून मात्र पुष्कळ चेंडू सुटले. एक गळ्यावर बसला. आज आला तेव्हा मानेवर वांगं फुटल्यागत जांभळं झालं होतं. रंग अजून तसाच्या तसा होता, तरी म्हणाला, "पुन्हा द्या एक हात."

"अहो, आठवडाभर टिकतो तो."

"टिकतो, पण मनाची खात्री नसते," म्हणाला. आईने केलेली खोबऱ्याची वडी घेऊन आला होता. आईला वड्या जास्त झाल्या म्हणे.

११ नोव्हेंबर

पुन्हा जिंकले. नाक्यावरच्या दुकानदाराने एलादिओच्या नावाने सगळ्यांना बिअर दिली. माझा भाऊ भर रस्त्यातून आला, लोक पाठीवर थापा मारत होते, आणि माझ्या दारापाशी आल्यावर डावीकडे वळून गल्लीत शिरला. मागच्या दाराने आत. मी नखं घासत होते आणि तो पडदा नीट लागलाय का ते बघत होता.

मला वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवते. त्याला बोलले नाही. आई साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये होती तेव्हा याला मी वाढवलंय, याच हातांनी. त्या हातांची लाज वाटते का याला?

बोलता बोलता म्हणाला, "निकानोरला कशाला एवढ्या खुणा लागतात कोण जाणे. मी एकच चेंडू टाकतो. खूण करायला आहेच काय?" मी म्हटलं, "शिस्तीचा माणूस आहे, तुझ्यासारखा नाही." तो हसला नुसता. लहानपणापासून हा असंच हसतो आणि कारण सांगत नाही.

२४ नोव्हेंबर

डोमिनोने घात केला. काल बदामाच्या झाडाखाली मंडळी खेळत बसली होती. एलादिओच्या हाती शेवटची सोंगटी अशी आली की ती दोन्ही टोकांना लागत होती. आता अशी सोंगटी कोणी हळूच ठेवतं का? ती टेबलावर दाणकन आपटावीच लागते, नाहीतर जिंकलं कशासाठी. त्याने आपटली. डाव जिंकला आणि मधल्या बोटाचं नख अर्ध्यातून गेलं.

आज सकाळी आला तो चेहरा पडलेला. उद्या राजधानीवाल्यांशी सामना. "ताई, नखाशिवाय चेंडू फिरतो. फिरला की तो साधा हळू चेंडू, आणि माझा साधा हळू चेंडू शाळेतली पोरं मैदानाबाहेर मारतील."

"घाबरतोस काय? बहीण कोण आहे तुझी?"

पावडर आणि तिचं औषध कालवून ॲक्रिलिकचं नख बसवलं. घासून घासून त्याच्या खऱ्या नखाइतकं जाड केलं, चकाकी मारून टाकली. शेजारी खरं नख ठेवलं तर मलाच ओळखता आलं नसतं. त्याने चेंडू धरून बघितला, पुन्हा धरून बघितला, आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला. पुष्कळ वर्षांनी घेतला.

२५ नोव्हेंबर

आज काही लिहवत नाही.

२७ नोव्हेंबर

लिहायला तर हवं. तिसऱ्या इनिंगपर्यंत सगळं झकास. मग एक चेंडू सुटला आणि त्याच्याबरोबर नखही सुटलं. चेंडू एकीकडे गेला आणि नख हवेत चमकत जाऊन बॅटरच्या बुटांपुढे पडलं. त्या मेल्याने ते दोन बोटांनी उचलून अंपायरला दाखवलं. अख्खं मैदान हसत होतं, रेडिओवर समालोचकाला बोलता येईना.

पिचरच्या हाताला काही चिकटवलेलं चालत नाही, असा नियम आहे म्हणे. मला काय माहीत? कॅचरने पाच बोटं पिवळी केली तर चालतं, पिचरचं एक नख चालत नाही, हा कुठला न्याय? एलादिओला मैदानाबाहेर काढलं आणि तीन आठवड्यांची बंदी घातली. गावातली टवाळ पोरं त्याला सेन्योरिता, म्हणजे कुमारी, म्हणताहेत.

हेही मी सोसलं असतं. पण संध्याकाळी रेडिओवाल्याने त्याला विचारलं, "नख कोणी लावून दिलं? नाव सांगा, आत्ता त्यांच्या दाराशी माइक नेतो." तर माझा भाऊ म्हणाला, "कोणी नाही. घरीच लावलं. गोंदाने."

गोंदाने! सकाळभर मान मोडून केलेलं माझं काम, आणि हा गोंदाने म्हणतो. माणसं आली असती तर आली असती, माझी फरशी रोज पुसलेली असते. माझं नाव घ्यायची इतकी लाज? मी रेडिओ बंद केला आणि दोन्या चेआचे केस जरा जास्तच ओढले गेले.

"अगं, त्याने तुझं दार वाचवलं," चेआ म्हणाली.

"माझ्या दाराला काय झालंय?" मी म्हटलं.

१ डिसेंबर

एलादिओ आलेला नाही. मीही फोन केलेला नाही. तो पोस्टरवरचा असेल, मीही काही रस्त्यावर पडलेली नाही.

निकानोर आला होता. प्लिनिओ एलादिओचं नाव टीममधून काढायलाच निघाला होता, हे त्याच्याकडून कळलं. मग ते का थांबलं, ते काही तो सांगेना. चेआच्या पुतण्याने नंतर सांगितलं, की निकानोरने आपला मोठा ग्लव्ह प्लिनिओच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "याला काढलंत तर मलाही काढा." एवढ्या वर्षांत त्याला कधी चढ्या आवाजात बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. खरंच आहे, पिचरशिवाय कॅचरने करायचं काय?

नख टणक वाढावं म्हणून मी लसूण ठेचून त्यात लिंबू पिळलं, बाटलीत भरलं आणि निकानोरकडे दिलं. "नखांना दिवसातून तीनदा चोळायला सांगा. मी दिलंय म्हणून सांगू नका."

"त्याला कळेल ना, दोन्या नेरेइदा. वासावरून."

"कळलं तर कळू दे."

मग तो बसून राहिला. एलादिओ नाही म्हणजे तीन आठवडे यालाही सामना नाही, तरी नखं रंगवून घेतली. सरावाला लागतात म्हणाला.

९ डिसेंबर

आज एलादिओ आला. मागच्याच दाराने, पण खोक्यावर न बसता अंगणात उभा राहिला. लसणाचा वास त्याच्या आधी आत आला. नख वाढतंय, मी बोट धरून बघितलं. कड अजून पातळ आहे, पण सरळ येतेय.

"रागावली आहेस," म्हणाला.

"गोंदाने," मी म्हटलं.

 अंगणात पाण्याच्या जारची निळी झाकणं पडली होती. त्याने त्यातलं एक उचललं आणि भिंतीकडे टाकलं. झाकण आधी सरळ गेलं, मग मध्येच मूड बदलल्यागत खाली बसलं. लहानपणी गल्लीत आम्ही असंच खेळायचो. झाडूचा दांडा माझ्या हातात, झाकण याच्या हातात. तेव्हाही मला एक झाकण मारता आलेलं नाही, आणि गल्लीत मी चांगली खेळणारी होते.

"अरे, हा तर तुझा झिंगलेला चेंडू," मी म्हटलं. "अमेरिकेत शिकायला कशाला गेलास? सात वर्षांचा असताना येत होता की."

तो तिथेच भिंतीला टेकून बसला. "ताई, मला भीती वाटते गं. वेगाची आग टाकायचो तेव्हा कधी वाटली नाही. हा चेंडू हातातून सुटला की माझा राहत नाही. तो जातो आणि मी नुसता बघत राहतो. सगळं मैदान हसलं ना, तेव्हा वाटलं, आता सोडून द्यावं."

त्याला रडताना मी आई गेली तेव्हाच बघितलं होतं. मी शेजारी बसले आणि ते बोट हातात घेऊन बसून राहिले. "मला तुझा अभिमान वाटतो," असं म्हणाले. आजवर कधी म्हटलं नव्हतं, कारण गाव म्हणायचंच, मला वाटायचं तेवढं पुरे. मग त्याला कच्ची केळी उकडून कुस्करलेला मंगू आणि तळलेलं चीज वाढलं. दोन ताटं खाल्ली.

२१ डिसेंबर



काल शेवटचा सामना होता. जिंकलो तर जानेवारीच्या फेरीत, हरलो तर घरी. परवा निकानोरने तिकीट आणून दिलं होतं, म्हणाला, "या वेळी रेडिओवर नको. समोर या." मी बारा बायकांच्या वेळा बदलल्या आणि गेले. जागा बरोब्बर कॅचरच्या मागे, जाळीला नाक लागेल इतकी जवळ. इतकी महागाची जागा, आणि संध्याकाळभर समोर कोण, तर निकानोरची पाठ.

आठव्या इनिंगला आमचे सगळे पिचर थकलेले, एका धावेची आघाडी, आणि तिन्ही बेसवर राजधानीवाले धावायला तयार उभे, एक फटका बसला की सामना त्यांचा. प्लिनिओने एलादिओला बोलावलं. टवाळ पोरं ओरडली, "सेन्योरिता आली." राजधानीवाल्यांच्या मॅनेजरने लगेच हात वर करून अंपायरला सांगितलं, नखं तपासा.

अंपायर गेला. एलादिओने दोन्ही हात पुढे केले, शाळेत मास्तरांपुढे करतात तसे. अंपायरने एकेक नख ओढून बघितलं. मग ते अगदी डोळ्यांजवळ नेलं आणि एकदम मागे सरकला, नाक धरून. लसूण. सगळं मैदान हसलं, पण या वेळी एलादिओही हसला. त्याने हात वर करून चारी बाजूंना दाखवले. 

इनिंग संपवायला तिघांना बाद करायचं होतं. पहिला बॅटर तीन चेंडू हुकून गेला. दुसऱ्याने चेंडू आकाशात उडवला, तो आमच्यातल्या एकाने पकडला. तिसरा तोच, ज्याने नख उचललं होतं. मी जाळी धरून उभी होते. निकानोर खाली बसला, मांड्यांमध्ये हात नेऊन खूण केली, एकच बोट. प्रत्येक वेळी तेच एक बोट. मग पाच बोटं कशाला रंगवतो हा माणूस, हे मला तेवढ्या धामधुमीतही वाटून गेलं.

त्याचे दोन फटके हुकले. तिसरा चेंडू आला तो चालत आल्यासारखा. बॅटरला वाटलं सापडला. त्याने जीव खाऊन बॅट फिरवली आणि तेवढ्यात चेंडूने विचार बदलला. बॅटर स्वतःभोवती फिरून भुईवर बसला आणि चेंडू निकानोरच्या छातीवर आदळून त्याच्या दोन्ही हातांत राहिला. नवव्या इनिंगलाही एलादिओच होता, आणि तिथे कोणी पहिल्या बेसपर्यंतही पोचलं नाही, सामना आमचा. शेजारचा अनोळखी म्हातारा मला मिठी मारत होता. मी त्याला सांगितलं, तो माझा भाऊ आहे. तो म्हणाला, "बाई, आज तो सगळ्यांचाच आहे." मी म्हटलं, "असेल, पण आधी माझा."

नंतर मैदानावरच रेडिओवाल्याने एलादिओला धरलं. लाउडस्पीकरवर सगळ्यांना ऐकू येत होतं. "आज गोंद नाही वाटतं?"

"गोंद तेव्हाही नव्हता," एलादिओ म्हणाला. "मी खोटं बोललो होतो. माझी नखं सलोन नेरेइदामध्ये होतात, मार्केटच्या मागे. ती माझी बहीण. मला तिनेच वाढवलंय. शनिवारी गर्दी असते, लवकर जा."

मी आयुष्यात कमी रडले आहे. काल भरपाई झाली.

२३ डिसेंबर

नाताळच्या आधीचा शनिवार. सकाळी सातला दारात रांग. त्या रांगेत, दोन लहान मुली आणि रोलर लावलेल्या दोन्या चेआच्या मध्ये, माझा भाऊ उभा. पुढच्या दारात.

"तू आत ये, तुला काय रांग," मी म्हटलं.

"दोन्या चेआनंतर माझा नंबर आहे," तो म्हणाला. वाटच बघत राहिला, कोणाकोणाच्या टोप्यांवर सह्या देत. नंबर आल्यावर रस्त्याकडच्या खिडकीतल्या खुर्चीवर बसला. मी सवयीने पडदा ओढायला गेले.

"राहू दे, ताई," म्हणाला. "उजेड लागतो तुला."

बाहेर पोरांनी काचेला नाकं लावली होती. कोणी सेन्योरिता म्हटलं नाही. मी दोन्ही नखं घासली, फुटपट्टीसारखी, आणि घाई केली नाही.

१७ जानेवारी

जानेवारीच्या फेरीत आमची टीम परवा बाहेर पडली. असो. प्लिनिओने एलादिओला पुढच्या वर्षासाठीही ठेवलंय, बातमी द्यायला स्वतः पार्लरमध्ये आला आणि जाताना बायकोसाठी वेळ घेऊन गेला.

दुपारी एलादिओ खिडकीतल्या खुर्चीवर असताना निकानोर आला. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. टोपी हातात.

"पिवळा," म्हणाला.

"अहो, आता खेळ कुठे आहे? खुणा कोणाला करणार?"

"असू दे, नेरेइदा," तो म्हणाला.

इतके दिवस दोन्या नेरेइदा होते, आज दोन्या कुठे गळून पडलं कोण जाणे. एलादिओ असा हसायला लागला की खुर्ची हलली. मी कानशीने त्याच्या मनगटावर हाणलं, "हात हलवू नकोस, नख जाईल."

ड्रायरखालून दोन्या चेआ म्हणाली, "बाई, हिला झिंगलेला चेंडू कळतो. सरळ आलेला काही दिसत नाही."

चेआचं आता वय झालंय. टीम बाहेर पडून दोन दिवस झाले, ही कसले चेंडू घेऊन बसली आहे. मी निकानोरच्या पाचही बोटांना दोन-दोन हात दिले, वाळेपर्यंत त्याचा हात धरून बसले, आणि पैसे घेतले नाहीत. का घेतले नाहीत ते मलाही सांगता यायचं नाही.